शेवटचे बटण मुलाला लावू द्या

बौद्धिक वाढ मंद असलेले मूल दवाखान्यात आले की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : डॉक्टर, हा लिहा-वाचायला कधी लागेल? मी उलट विचारतो, संडासहून आल्यावर हा स्वतः धुतो का? आई खाली बघते. मूल अकरा-बारा वर्षांचे झाले तरी सारे तीच करत असते.

यात तिचा दोष नाही. आमच्या वागळे इस्टेटमध्ये सकाळी पाणी भरायचे, डबे करायचे, कंपनीची वेळ गाठायची. मुलाने शर्ट घालायचा तर वीस मिनिटे, तिने घातला तर एक. पण वयात येणाऱ्या मुलाच्या अंगाला रोज दुसऱ्याने हात लावायचा, ही साधी गोष्ट नव्हे. असे मूल कोणाचाही हात निमूट सोसायला शिकते, आणि गैरफायदा घेणारा बहुधा ओळखीतलाच निघतो.

ही कामे शिकवण्याचे शास्त्र आहे, त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. त्यातली गटाने शिकवण्याची पद्धत मला विशेष पटते. पाच-सहा मुले गोल बसतात, सगळ्यांपुढे तेच काम : डबा उघडणे, हात धुणे, बटण लावणे. आईने दहादा सांगून न ऐकणारा मुलगा शेजाऱ्याचा डबा उघडलेला पाहून झाकणाशी झटू लागतो. आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही तिथेच शिकतो. शिवाय बाहेर बसलेल्या आया एकमेकींना जे सांगतात, ते आम्हा डॉक्टरांना सुचत नाही! मात्र स्वमग्न मुलांपैकी काहींना गलबला सोसत नाही. त्यांना आधी एकट्याने शिकवावे.

काम शेवटाकडून शिकवायचे, ही यातली खरी युक्ती. चड्डी तुम्ही मांड्यांपर्यंत चढवा, शेवटचे ओढणे त्याचे. ते जमले की गुडघ्यांपासून, मग पावलांपासून. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरे होते, म्हणून ते टाकून तो पळत नाही. बटणांचेही तसेच : चार तुम्ही लावा, पाचवे त्याचे.

गट आठवड्यातून एक-दोनदाच भरतो, बाकी दिवस घरचे. एका वेळी एकच काम धरा, तेही त्याच्या खऱ्या वेळी. आंघोळ दुपारी खेळ म्हणून शिकवून उपयोग नाही. सकाळी सवड नसेल तर संध्याकाळचे हातपाय धुणे निवडा. आजीलाही सांगून ठेवा, नाहीतर मायेपोटी ती भरवत राहते.

डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभारले, ते 'आपल्यामागे याचे कसे होणार' या प्रश्नातूनच. तो प्रश्न प्रत्येक पालकाला आहे. सुरुवात मात्र घरातच करता येते. या रविवारी नाडीच्या चड्ड्या बाजूला ठेवा, इलॅस्टिकच्या आणा. ब्रशचा दांडा हातात धरवत नसेल तर त्याला फडके गुंडाळा. आणि ताटात आधी मऊ, घट्ट खिचडी वाढा. ती बोटांतून सांडत नाही.