शुक्राणूची शेपटी

रेवदंड्याच्या खाडीत वल्हे थांबवले तरी होडी थोडी पुढे जातेच. शुक्राणूचे तसे नाही. तो इतका लहान, की पाणी त्याला काकवीसारखे दाट. शेपटी थांबली की तो जागीच थांबतो!

या ०.०५ मिलिमीटरच्या शेपटीत मध्ये दोन नलिका व भोवती नलिकांच्या नऊ जोड्या असतात. डायनीन हे प्रथिन शेजारच्या जोड्या एकमेकींवरून सरकवू पाहते. त्या तळाशी बांधलेल्या, म्हणून शेपटी वाकते. डायनीनचा एक भाग घडवणाऱ्या 'डीएनएएच१' जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर शेपटी आखूड, वेडीवाकडी होते. हे २०१४ मध्ये दाखवले गेले. असा पुरुष एरवी धडधाकट दिसतो, आणि बोल लागतो बायकोला. थेंबभर वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर शेपटीचा दोष दिसतो. असा शुक्राणू बारीक सुईने थेट अंड्यात सोडता येतो. मग त्याला पोहावेच लागत नाही.