व्यापारी प्रदर्शने, तंत्रज्ञान आणि हस्तव्यवसाय : कुंभकोणम परिसराच्या संदर्भात

व्यापारी प्रदर्शन ही विपणनाची जुनी आणि खर्चिक पद्धत आहे. उत्पादकाने माल घेऊन दूरच्या शहरी जावे, चार-सहा दिवस गाळा मांडून बसावे आणि तेथे येणाऱ्या घाऊक खरेदीदाराने माल पाहून मागणी नोंदवावी, असा तिचा ढोबळ व्यवहार. गेल्या दोन दशकांत संकेतस्थळे, भ्रमणध्वनी, संगणकीय देयके आणि दृक्‌श्राव्य संपर्क ही साधने सर्वांच्या हाती आल्यामुळे हा व्यवहार झपाट्याने बदलत आहे. प्रदर्शने आता कालबाह्य होणार, असे एक मत मांडले जाते. तंत्रज्ञानामुळे ती अधिक समर्थ झाली, असे दुसरे. या दोन्ही मतांत प्रदर्शन हे एकच एक कार्य आहे असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः प्रदर्शन तीन वेगवेगळी कामे करते : ते माल दाखवते, विक्रेता व खरेदीदार यांची ओळख घडवते, आणि मालाविषयी खात्री पटवते. या तिन्ही कामांवर तंत्रज्ञानाचा परिणाम सारखा झालेला नाही. हा फरक कारागिराच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे एका मर्यादित भूभागाच्या आधारे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिसर आणि त्याचे व्यवसाय

मेलकावेरी हा तमिळनाडूतील कुंभकोणम शहराचा एक भाग. ‘मेल’ म्हणजे पश्चिमेकडील. नावातच कावेरीचे सान्निध्य आहे. येथून दहा-बारा किलोमीटरांच्या परिघात तीन प्रसिद्ध हस्तव्यवसाय आढळतात. स्वामिमलै येथे पंचधातूच्या मूर्ती घडतात. नाच्चियारकोविल येथे पितळी दिवे, म्हणजे मराठी वाचकाला परिचित अशा समईच्या जातीचे ‘कुत्तुविळक्कु’, ओतले जातात. तिरुभुवनम येथे जरीकाठी रेशमी साड्या विणल्या जातात आणि त्या विणकरांत सौराष्ट्री भाषा बोलणाऱ्या समाजाचे स्थान मोठे आहे.

मराठी अभ्यासकाला हा प्रदेश परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांचे राज्य होते आणि कुंभकोणम हे त्या राज्यातील एक प्रमुख क्षेत्र होते. तंजावरी धातुताटांची परंपरा दुसऱ्या सरफोजींच्या काळाशी जोडली जाते. राजदरबार आणि देवालय हे त्या काळचे मोठे ग्राहक. त्यांच्याशी असलेला कारागिराचा संबंध समोरासमोरचा होता. माल दाखवणे, ओळख आणि खात्री ही तिन्ही कामे एकाच भेटीत उरकत. हे आश्रयदाते दुबळे झाल्यावर, किंवा नाहीसे झाल्यावर, कारागिराला अनोळखी ग्राहकाकडे जावे लागले. व्यापारी प्रदर्शनाची गरज नेमकी येथून सुरू होते.

मालाच्या जत्रेपासून नमुन्यांच्या जत्रेपर्यंत

तंत्रज्ञानाने प्रदर्शनांचे स्वरूप बदलण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. युरोपातील जुन्या जत्रांत व्यापारी संपूर्ण माल गाड्यांवर लादून आणीत आणि तो तेथेच विकून परत जात. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि तारयंत्र आले. मागणी तारेने कळवता येऊ लागली, माल नंतर रेल्वेने पाठवता येऊ लागला. त्यामुळे सगळा माल वाहून नेण्याचे कारण उरले नाही. नमुना नेणे पुरेसे झाले. जर्मनीतील लाइप्झिग शहराने १८९५ मध्ये आपल्या जुन्या जत्रेला नमुन्यांच्या प्रदर्शनाचे रूप दिले आणि आजच्या व्यापारी प्रदर्शनाचा साचा तेथे घडला. म्हणजे दळणवळणाच्या साधनांनी ‘माल पोचवणे’ हे काम त्या वेळी जत्रेपासून वेगळे काढले. आज ‘माल दाखवणे’ हे काम त्याच रीतीने वेगळे होत आहे.

हिंदुस्थानी कारागिरीचा या प्रदर्शनांशी आलेला संबंध मात्र निराळ्या वाटेने आला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात येथील वस्तू मांडल्या गेल्या. तंजावरचे राज्य खालसा झाले त्याच १८५५ या वर्षी मद्रास येथेही मोठे प्रदर्शन भरले. या प्रदर्शनांची मांडणी बहुधा प्रांत आणि पदार्थ यांच्या नावाने होई. वस्तू घडवणारा हात अनामिक राही. कारागिराची वस्तू दूरवर पोहोचते, पण त्याचे नाव पोहोचत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे. तंत्रज्ञानाने ती सुटली का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

मांडव आणि मध्यस्थ

स्वातंत्र्योत्तर काळात कारागीर आणि बाजार यांच्यामध्ये सरकारी व सहकारी संस्था उभ्या राहिल्या. हातमागासाठी ‘को-ऑप्टेक्स’ ही १९३५ पासूनची सहकारी संस्था होतीच. तमिळनाडू हस्तव्यवसाय विकास महामंडळाची ‘पूम्पुहार’ ही विक्रीकेंद्रे १९७० च्या दशकापासून परिचित झाली. तिरुभुवनमच्या विणकरांची स्वतःची सहकारी सोसायटी आहे. १९८० पासून दिल्लीच्या प्रगती मैदानावर नोव्हेंबरात भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरू लागला आणि राज्यांच्या दालनांतून अशा वस्तूंना जागा मिळाली. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचे परदेशी घाऊक खरेदीदारांसाठीचे प्रदर्शन १९९४ पासून भरते.

या व्यवस्थेने बाजार मिळवून दिला. तिच्या मर्यादाही उघड होत्या. गाळ्याचे भाडे, प्रवास, मुक्काम आणि वजनदार मालाची ने-आण हा खर्च एकट्या ओतकाऱ्याला परवडत नाही. त्याखेरीज प्रदर्शनाचे दिवस हे भट्टी बंद राहण्याचे दिवस असतात. साहजिकच गाळ्यावर बहुधा व्यापारी, निर्यातदार किंवा संस्थेचा प्रतिनिधी बसतो. खरेदीदाराचे ओळखपत्र त्याच्या खिशात जाते आणि पुढील वर्षीची मागणीही त्याच्याकडेच येते.

२०२० नंतरचा पालट

२०२० मध्ये महासाथीमुळे जगभरची प्रदर्शने थांबली. दिल्लीचा व्यापार मेळा त्या वर्षी रद्द झाला. हस्तकला परिषदेने जुलै २०२० मध्ये आपले प्रदर्शन आभासी स्वरूपात भरवले. जे परिवर्तन संथपणे चालले होते, ते काही महिन्यांत अपरिहार्य ठरले. मात्र महासाथ हे त्याचे एकमेव कारण मानता येत नाही. जर्मनीतील हानोवर येथे १९८६ पासून स्वतंत्रपणे भरणारे ‘सेबिट’ हे संगणक-उद्योगाचे विख्यात प्रदर्शन २०१८ मध्येच बंद झाले होते. ज्या मालाची वैशिष्ट्ये आकडे आणि वर्णन यांतून पुरेशी कळतात, त्या मालासाठी मांडवाची निकड आधी कमी होते, असे यावरून म्हणता येईल.

कुंभकोणम परिसरातील तीन व्यवसायांना हाच निकष लावून पाहणे उद्बोधक ठरते.

नाच्चियारकोविलचा दिवा तळ, खांब, तेलाचे पात्र आणि वरची प्रभावळ अशा सुट्या भागांचा असतो. हे भाग आट्यांनी एकमेकांत बसवले जातात. उंची, वजन आणि नक्षीचा प्रकार सांगितला की बहुतांश वर्णन पूर्ण होते. भाग सुटे करून बांधता येत असल्याने तो दूर पाठवणेही सोपे. दूरस्थ विक्रीला ही वस्तू सर्वांत अनुकूल होय.

स्वामिमलैच्या मूर्तीची गोष्ट वेगळी आहे. नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून स्थपती मूर्तीची प्रमाणे ठरवतो, मेणाची प्रतिमा घडवतो, तीवर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप देतो, तापवून मेण गाळतो आणि पोकळीत धातू ओततो. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो. त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकमेव असते. संकेतस्थळावरील सूची मात्र चित्रात दिसते तशीच वस्तू मिळेल, असे आश्वासन देते. येथे तंत्रज्ञानाचा उपयोग तयार मालाच्या सूचीपेक्षा घडणीच्या टप्प्यांत अधिक होतो. मेणाची प्रतिमा पूर्ण झाली की तिचे छायाचित्र दूरच्या ग्राहकाला पाठवता येते आणि धातू ओतण्यापूर्वी दुरुस्ती सुचवता येते. प्रदर्शनाच्या गाळ्यावर ही सोय कधीच नव्हती. परदेशी पाठवावयाच्या मूर्तीसाठी ती पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे प्रमाणपत्र लागते, ही पायरी मात्र पूर्वीप्रमाणेच कायम आहे.

तिरुभुवनमच्या साडीत पडद्याची मर्यादा सर्वाधिक जाणवते. रेशमाचा पोत, पदराचे वजन आणि दोन रंगांच्या धाग्यांनी येणारी झाक ही हातानेच कळतात. येथे ‘खात्री’ हे तिसरे काम चित्राला पेलत नाही. त्यासाठी चिन्हांचा आधार घ्यावा लागतो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले ‘सिल्क मार्क’ शुद्ध रेशमाची ग्वाही देते. दुरून साडी घेणाऱ्यासाठी स्पर्शाची जागा अशा चिन्हाने काही अंशी भरून निघते.

ग्राहक कोणाचा?

दाखवण्याचे काम स्वस्त झाले, हा कारागिराचा निर्विवाद लाभ आहे. २०१६ मध्ये आलेली ‘यूपीआय’ देयकपद्धती आणि २०१८ मधील ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ यांच्या साह्याने गावातील कार्यशाळाही स्वतःची सूची दाखवू शकते आणि आगाऊ रक्कम तत्काळ घेऊ शकते. परंतु ओळखीचे काम कोणाच्या हाती गेले, हे तपासणे आवश्यक आहे.

आजच्या मोठ्या प्रदर्शनांत अभ्यागताच्या बिल्ल्यावर क्यूआर कोड असतो. गाळ्यावर तो टिपला की नाव, संस्था आणि संपर्क यांची नोंद होते. कोण कोणत्या दालनात गेला याची माहिती आयोजकाकडेही जमा होऊ शकते. मोठ्या विक्रीमंचांवर तर ग्राहकाशी असलेले नाते प्रामुख्याने मंचाचेच असते. विक्रेत्याला माल पाठवण्यापुरती माहिती मिळते. पूर्वी ओळखपत्र व्यापाऱ्याच्या खिशात जात असे, आता ते संगणकातील माहितीसाठ्यात जाते. मध्यस्थ नाहीसा झाला, असे म्हणण्यापेक्षा मध्यस्थ बदलला, असे म्हणणे योग्य होईल. २०१६ चे सरकारी खरेदीचे ‘जेम’ आणि २०२१ अखेरीस स्थापन झालेले ‘ओएनडीसी’ ही मोजक्या मंचांवरील अवलंबित्व कमी करण्याच्या दिशेने टाकलेली पावले आहेत. तथापि त्यांचा लाभ घेण्यासाठी लागणारी नोंदणी, हिशेब आणि अन्य भाषांतील वर्णने ही कामे एकट्या कारागिराला जड जातात. सहकारी सोसायट्यांना आज नवे प्रयोजन सापडण्याजोगे आहे, ते येथेच.

नावाचे मोल

चित्र जितके सहज फिरते, तितकी नक्कलही सहज होते. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ हे नाव तमिळनाडूच्या महामार्गांवरील असंख्य पाट्यांवर झळकते. त्यांपैकी कितींचा कुंभकोणमशी काही संबंध असेल, हा प्रश्नच आहे. नाव प्रसिद्ध होणे आणि नावाचा लाभ मूळ गावाला मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

१९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा २००३ पासून अमलात आला. स्वामिमलैच्या मूर्ती, नाच्चियारकोविलचे दिवे आणि, २०१९ मध्ये, तिरुभुवनमची रेशमी साडी यांची त्याखाली नोंद झाली आहे. या नोंदीचे बळ कोठे दिसते, याचे एक उदाहरण महाराष्ट्र-कर्नाटकातील आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी हे निर्देशन मिळाले. जून २०२५ मध्ये ‘प्रादा’ या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मूळ परंपरेचा उल्लेख न करता सादर केल्या. ती चित्रे समाजमाध्यमांतून अल्पावधीत कोल्हापूरपर्यंत पोहोचली, आक्षेप घेतले गेले, आणि महाराष्ट्रातील व्यापारी संघटनेच्या पत्रानंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. ज्या वेगाने घाट उचलला जातो, त्याच वेगाने तो ओळखलाही जाऊ शकतो. मात्र बोट ठेवण्यासाठी नोंदलेले नाव हाताशी असावे लागते.

केवळ निर्देशन मिळून काम भागत नाही. प्रत्यक्ष उत्पादकाने त्या नावाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावयाची असते. ही नोंद आणि वस्तूवरील क्यूआर कोड यांची सांगड घातली, तर दूरच्या ग्राहकाला गावाबरोबर कार्यशाळेचे नावही कळेल, आणि पुढची मागणी थेट तेथे जाईल.

समारोप

सप्टेंबर २०२३ मधील जी-२० परिषदेच्या निमित्ताने दिल्लीच्या ‘भारत मंडपम’समोर २७ फूट उंचीची, सुमारे १८ टन वजनाची अष्टधातूची नटराजमूर्ती उभी राहिली. ती स्वामिमलैच्या देवसेनापती स्थपती यांच्या घराण्यातील कारागिरांनी मेण गाळण्याच्या पारंपरिक पद्धतीने घडवली. भारत मंडपम हे प्रगती मैदानाचेच नवे रूप. म्हणजे देशातील प्रमुख व्यापारी प्रदर्शनस्थळाच्या प्रवेशाशीच कावेरीकाठची कारागिरी उभी आहे, आणि घडवणाऱ्यांची नावेही सार्वजनिक नोंदीत आहेत. १८५५ च्या अनामिक मांडणीच्या तुलनेत हे अंतर मोठे आहे.

हे अंतर एका भव्य मूर्तीपुरते राहू नये, ही अपेक्षा रास्त होय. दाखवण्याचे काम यापुढे प्रामुख्याने पडद्यावर होईल. खात्रीसाठी प्रदर्शनाचा मांडव, स्पर्श आणि विश्वसनीय चिन्हे यांची गरज राहील. या दोहोंमधील ओळखीचे काम ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे व्यवसायाचे भवितव्य असेल. नाच्चियारकोविलच्या ओतशाळेत पुढील वर्षी मागणी थेट येते की आणखी कोणाच्या हातून येते, यावरून तंत्रज्ञानाने कारागिराला काय दिले, याचे माप घेता येईल.