यादीला बूड हवं

हैदराबादला काचीगुड्याच्या आमच्या घरात दोनशे पानी तीन वह्या जपून ठेवल्या आहेत. पहिलीच्या पुठ्ठ्यावर १९९६ लिहिलंय. ती भाच्यासाठी केलेली. डाव्या रकान्यात कॉलेज, मग ब्रँच, मग आदल्या वर्षी ती जागा ज्या रँकवर संपली तो आकडा. चौथा रकाना ताईने तिच्या अक्षरात वाढवला होता: घरून बसला किती वेळ. नंतर शेजारपाजारची, मराठी मंडळातली, ओळखीपाळखीची मुलं येत गेली आणि वह्या भरत गेल्या. परवा त्या पुन्हा चाळल्या. इंजिनिअरिंगची यादी करणं या शहरात किती बदललं, ते त्यात ओळीने दिसतं.

भाच्याच्या वेळी यादी कसली, सहा नावं होती. पहिलं उस्मानियाचं, १९२९ सालचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा तिकडची मुलं इंजिनिअर व्हायला इथेच येत. औरंगाबादला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं ते १९६० साली. माझ्या वडिलांच्या पिढीने उस्मानियाचं नाव नेहमी आदराने घेतलं. मग जेएनटीयू. मग गंडीपेटचं सीबीआयटी, बंजारा हिल्सवरचं मुफ्फखम जाह आणि इब्राहिमबागचं वासवी. ही तिन्ही १९७९ ते १९८१ या काळातली. एमसेट या प्रवेश परीक्षेतल्या रँकप्रमाणे कौन्सेलिंगला हाक यायची, हॉलमध्ये गेलं की कुठे किती जागा उरल्यात ते समोर दिसायचं आणि तिथल्या तिथे बोट ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या उन्नीकृष्णन निकालानंतर फ्री सीट आणि पेमेंट सीट असे दोन भाग पडले होते, त्यामुळे खरी घालमेल पैशांची होती. कॉलेजांची तुलना करायला वेळही नव्हता आणि फारशी गरजही नव्हती.

दुसरी वही उघडली की पानंच्या पानं नावं. १९९५ ते ९७ या काळात व्हीएनआर, एमजीआयटी, गोकराजू, श्रीनिधी अशी कॉलेजं शहराच्या कडेकडेने उभी राहिली. १९९८ला गच्चीबावलीत ट्रिपल आयटी आली, २००८ला आयआयटी आणि बिट्सचा हैदराबाद कँपस. त्याच सुमारास सरकारने फी परताव्याची योजना आणली. घरात पहिल्यांदा कुणीतरी इंजिनिअर होणार, असं म्हणणारे आईबाप माझ्याकडे याच योजनेमुळे आले, आणि त्याचा मला आजही आनंद आहे. पण योजना आली तशी कॉलेजंही उगवली. एकत्रित आंध्रात ती सातशेच्या घरात गेली. त्यातली कितीतरी केवळ परताव्यावर चालत होती. प्रयोगशाळेला कुलूप आणि फळ्यावर नवीन रंग, अशी मी स्वतः पाहिली आहेत.

मग कौन्सेलिंग वेबवर आलं. कॉलेजांची नावं जाऊन चार अक्षरी कोड आले: ओयूसीई, जेएनटीएच, व्हीएएसव्ही. सहा ओळींची यादी साठ, ऐंशी, शंभरावर गेली, आणि तिच्याबरोबर एक भीतीही आली. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, 'काका, वर मोठं कॉलेज लिहिलं आणि ते नाही मिळालं, तर खालचं हातचं जाईल ना?' जात नाही. रँकप्रमाणे तुमची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि शिल्लक असलेली पहिली जागा देतो. म्हणून क्रम मनाप्रमाणे लावायचा, रँकप्रमाणे नाही. रँक बघायचा तो फक्त यादी कुठवर न्यायची हे ठरवायला. तोही आपल्याच रकान्यातला: ओसी म्हणजे खुला गट, बीसीचे गट, एससी, एसटी, आणि प्रत्येकात मुलींसाठी तेहतीस टक्के. एकाच कॉलेजचा शेवटचा रँक या रकान्यांत हजारोंनी वेगळा असतो. वर आवाक्याबाहेरची आठ-दहा, मधे गेल्या वर्षीच्या आकड्याच्या आसपासची बरीच, आणि खाली आपल्या रँकच्या कितीतरी पुढे जाऊन बंद झालेली. हा खालचा भाग लिहायला कुणाचा हात वळत नाही.

२०१४ साली त्याची किंमत कळली. २ जूनला तेलंगणा झालं, एमसेटचं कौन्सेलिंग दोन राज्यांच्या वादात अडकून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्टच्या मध्यावर एकदाचं सुरू झालं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने बावीस ऑप्शन दिले. बाकी दुसऱ्या फेरीत बघू, म्हणाला. मीही फार आग्रह धरला नाही, कारण दुसरी फेरी दरवर्षी व्हायचीच. त्या वर्षी न्यायालयाने मुदत वाढवून दिली नाही आणि ती फेरी झाली नाही. मुलगा वर्षभर घरी बसला. त्याची आई पायरीवर बसून माझ्या वहीतली ती बावीस नावं पुन्हा पुन्हा वाचत होती. मी तेव्हा ठामपणे बोलायला हवं होतं, हे मला अजून सलतं.

आपल्या मराठी घरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. बँकेच्या, भेलच्या, डीआरडीओच्या बदलीने लोक येतात आणि मुलगी दहावी पुण्यात, इंटर म्हणजे अकरावी-बारावी इथे अशी अवस्था होते. ३७१-ड कलमाखाली १९७४पासून पंच्याऐंशी टक्के जागा लोकलांच्या, आणि लोकल ठरायला सलग चार वर्षं इथे शिकलेलं असावं लागतं. उरलेल्या पंधरा टक्क्यांत केंद्रीय नोकरांच्या मुलांना वाव असतो, पण तिथले शेवटचे रँक निराळे असतात. उलट एनआयटीचं होम स्टेट बारावी कुठे झाली त्यावर ठरतं. इंटर हैदराबादला केलेल्या मुलीला वरंगळच्या निम्म्या जागांत हक्क मिळतो आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतला होम स्टेट जातो. आईबापांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर तिथल्या सीईटीची वाट मात्र उघडी राहते. हे सगळं दहावीनंतर लगेच समजायला हवं. लोक माझ्याकडे येतात इंटरच्या निकालानंतर.

तिसऱ्या वहीत कॉलेजांपेक्षा ब्रँचच जास्त बोलतात. जानेवारी २००९मध्ये सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी कोसळली, त्या उन्हाळ्यात दोन घरांनी कॉम्प्युटर खाली नेऊन इलेक्ट्रॉनिक्स वर घेतलं होतं. आता सिव्हिल, मेकॅनिकल पानोपानी दिसत नाहीत. कॉम्प्युटर, त्याच्यापुढे एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी शेपटं. ज्याला यंत्राचा खरा लळा आहे अशा मुलालाही घरचे कॉम्प्युटरच लिहायला लावतात. तिथे मी भांडतो.

आणि एक आग्रह आता सोडत नाही. लोक सीबीआयटी बघून येतात, वासवी बघून येतात. ती न बघताही चालतील. बघायची ती यादीतली शेवटची दहा.

२०२४ला एमसेटचं नाव ईएपीसेट झालं, त्या वर्षी वरच्या मजल्यावरची मुलगी माझं ऐकून वडिलांच्या स्कूटरवर चार दिवस हिंडली. एका ठिकाणी वर्कशॉपमधल्या लेथवर धूळ होती. दुसरीकडे ग्रंथालयात तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी तिला बसवून घेतलं, कोण सर नीट शिकवतात, कोण सर अर्ध्यातून नोकरी सोडून गेले ते सांगितलं. घरी येऊन तिने खालची सहा नावं खोडली, चार नवी शोधून घातली, आणि ते ग्रंथालयवालं एकोणसाठाव्या ओळीवरून एकेचाळिसाव्यावर उचललं. रात्री अकरा वाजता तिने मला वही दाखवली. मग दोघांनी मिळून एकेक कोड पुन्हा तपासला आणि तिने यादी फ्रीज केली.