फराळाची ऑर्डर घेण्याआधी

दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आली की गटात आनंद होतो आणि लगेच भावाची चर्चा सुरू होते. आम्ही गटांना आधी तारीख विचारतो. माल कधी पोचवायचा? दिवाळीच्या चार दिवस आधी पोचलेली चकली हातोहात खपते. भाऊबीजेनंतर तीच घरोघरी वाटून संपवावी लागते, आणि सामानासाठी गटातून उचललेलं कर्ज तसंच डोक्यावर राहतं.

म्हणून शेवटच्या दिवसापासून मागे मोजत या. समजा, 150 किलो चकली 20 तारखेला द्यायची आहे. दोन कढया, दिवसाचे पाच तास, एका कढईवर तासाला 3 किलो. म्हणजे दिवसाला 30 किलो. तळणाचे पाच दिवस झाले. वजन आणि पॅकिंगला एक दिवस. गॅस संपतो, कुणाचं मूल आजारी पडतं, त्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवा. धान्य धुणं, वाळवणं, भाजणं, दळणं याला चार. परतीचा पाऊस असला तर वाळवणच अडतं. असे बारा दिवस. 8 तारखेला धान्य धुवायला घेतलंच पाहिजे.

तासाला 3 किलो हे आम्ही उदाहरण म्हणून घेतलं. तुमचा आकडा तुम्ही काढा. एक किलो भाजणीची चकली करून बघा आणि शेजारी घड्याळ, काटा, वही ठेवा. वेळ किती लागला, तेल किती गेलं, चकली किती भरली? भावही त्यातूनच निघतो: भाजणी, तेल, गॅस, दळण, पिशव्या, गाडीभाडं आणि आपली मजुरी. मजुरी धरायची हमखास राहते. घरात ती कुणी धरतच नाही ना!

आता माणसं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, कापूस वेचणीही सुरू होते. दहा जणींच्या गटात त्या आठवड्यात खरोखर किती जणी येतील, हे बैठकीत एकेकीला विचारा. ‘बघू, जमेल’ हे उत्तर धरू नका. खरेदी, तळण, पॅकिंग, हिशोब, ग्राहकाशी बोलणं, प्रत्येक कामापुढे एकीचंच नाव लिहा. मदतीला चौघी असू देत, पण जाब एकीनं द्यायचा. अध्यक्षताईंनीच सगळं पाहायचं असं ठरलं, तर त्या आजारी पडल्या की काम थांबतं.

आगाऊ रक्कम गटाच्या बँक खात्यावर घ्या, ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. अन्न परवान्याची नोंदणी नसेल तर ती ऑर्डरच्या आधी करा. पाकिटावर तो नंबर लागतो.

काम सुरू झालं की रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसा. 30 किलो ठरले होते, झाले किती? 22 झाले असतील तर उद्या तिसरी कढई लावायची की ग्राहकाला फोन करायचा, ते तिथंच ठरवा. आधी कळवलं तर ग्राहक समजून घेतो. आयत्या वेळी कळलं तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या गटाकडे जातो.

पैसे आले की आधी कर्ज आणि मजुरी, मग नफ्याची वाटणी. पुढच्या वर्षीच्या सामानासाठी किती ठेवायचे, ते वाटणीच्या आधी बोला. आणि हो, तेलाचे रिकामे डबे विकले तर तेही पैसे वहीत येऊ द्या.