ज्यांची सही नव्हती

‘शांतिसेना’ हा शब्द मला लहानपणी चर्चमधल्या प्रार्थनेत शोभेल असा वाटायचा. श्रीलंकेचा इतिहास वाचला आणि तो भ्रम गेला.

तिथे १९८३पासून सरकार आणि तमिळ बंडखोरांत युद्ध पेटलं होतं. २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, भारतीय सैन्य उतरलं. पण ज्यांनी शस्त्रं खाली ठेवायची, त्या एलटीटीईची करारावर सहीच नव्हती! ऑक्टोबरमध्ये जाफन्यात आपले जवान त्यांच्याशीच लढत होते. दक्षिणेत जेव्हीपीने ‘परकं सैन्य’ हाच मुद्दा करून सिंहली तरुणांचं बंड भडकवलं. कहर म्हणजे, पुढचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी आपलं सैन्य घालवायला एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली.

म्हणजे सैन्याने युद्ध वाढवलं? माझ्या मते हो, एकाची दोन झाली. पण सैन्य गेल्याने ते थांबलं, असंही नाही. सुमारे १,२०० जवान गमावून शांतिसेना मार्च १९९०मध्ये परतली. जूनमध्ये एलटीटीईने प्रेमदासांच्याच सरकारविरुद्ध पुन्हा बंदुका उचलल्या. ते युद्ध २००९पर्यंत चाललं.