देह कारण सांगतो, हेतू नाही

‘शवविच्छेदनातून आत्महत्या स्पष्ट’ असे मथळे आपल्याकडे सर्रास छापले जातात. शवविच्छेदन करणारा डॉक्टर तसे क्वचितच लिहितो. मृत्यू कशाने झाला, एवढे तो सांगतो. तो कोणाच्या हातून झाला, हे व्हिसेराचा (आतल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि जबाब जुळवल्यावर ठरते.

देहावर खुणा असतात, नाही असे नाही. गळ्यावरचा वळ तिरका चढत जाऊन तुटलेला असेल, तर गळफासाकडे बोट जाते. आडवा आणि अखंड असेल, तर कोणी गळा आवळल्याचा संशय येतो. ओठाच्या कडेला सुकलेला लाळेचा ओघळ फास बसला त्या क्षणी माणूस जिवंत होता असे सुचवतो. ‘गळ्यातले हाड मोडले म्हणजे खूनच’ हे मालिकांतले शास्त्र मात्र विसरा. वयाबरोबर ते हाड ठिसूळ होते आणि गळफासातही मोडू शकते. विषाचे कोडे त्याहून अवघड. पोटात कीटकनाशक सापडले, तरी ते चुकून गेले, कोणी पाजले की स्वतः घेतले, हे प्रयोगशाळा कशी सांगणार?

हाच पेच १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याला पडला. त्याने एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फार्बरो या मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली. मृताच्या नातलगांशी, मित्रांशी बोलून त्याचे अखेरचे दिवस उभे करायचे, हे झाले ‘मानसशास्त्रीय शवविच्छेदन’. १९६२मध्ये मेरिलिन मन्रोच्या मृत्यूवर ‘बहुधा आत्महत्या’ असा शेरा पडला, तो अशाच चौकशीनंतर. त्यातला ‘बहुधा’ मला फार प्रामाणिक वाटतो.

चंडीगडच्या सेक्टर ३२मधील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. एस. चवन आणि सहकाऱ्यांनी १०१ आत्महत्यांचा असाच मागोवा घेतला. तो अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य अभ्यासांत दहातल्या सुमारे नऊ जणांत मानसिक आजार आढळतो, इथे तो जेमतेम एक तृतीयांश जणांत दिसला. आजारच कमी, की तो घरच्यांना ओळखता आला नाही? पोलिसांच्या आणि चारचौघांच्या धाकाने नातलग काय गाळतात, हेही या पद्धतीत मोजता येत नाही. म्हणून ती आधार देते, निकाल नव्हे.

अशा बातम्यांनी किंवा स्वतःच्याच विचारांनी मन अस्वस्थ होत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोला.