बिनडोक वाद्याचे शहाणपण

मराठीत 'बिनडोक' हे विशेषण कोणी कोणाला आदराने लावीत नाही. परंतु इलेक्ट्रिक गिटारचा एक प्रकार गेल्या साडेचार दशकांत जगभर रूढ झाला आहे, त्याचे वर्णन करावयास याहून नेमका शब्द सापडत नाही. नेहमीच्या गिटारला दांडीच्या टोकाशी एक रुंद फळी असते. तिच्यावर सहा खुंट्या बसविलेल्या असतात आणि त्या पिळून तारा सुरात लावतात. या फळीला गिटारचे डोके म्हणतात. या प्रकारात ते डोके मुळातच नाही. पडद्यांची गरज संपते तेथेच दांडी संपते. धडही आखडलेले, एखाद्या लहानशा पाटाएवढे. प्रथमदर्शनी असे वाटते, की कारागिराने काम अर्धवट टाकले असावे. वस्तुतः हे वाद्य पूर्ण आहे, आणि आज ते मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे. ते आवाक्यात कसे आले, याचा शोध घेतला तर एका जुन्याच प्रश्नाचे उत्तर हाती लागते: एखादी वस्तू स्वस्त होते, तेव्हा नेमके काय घडलेले असते?

या वाद्याचा जनक नेड स्टाइनबर्गर हा अमेरिकन गृहस्थ पेशाने वादक नव्हता. तो फर्निचरची रचना करणारा होता. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात स्टुअर्ट स्पेक्टर या वाद्यकाराच्या शेजारी काम करीत असताना त्याने १९७७ मध्ये स्पेक्टरसाठी एका बेस गिटारची रचना करून दिली. त्या कामातूनच त्याच्या मनात एक शंका उभी राहिली. बेस गिटारच्या खुंट्या जड असतात आणि त्या दांडीच्या पार टोकाला असतात. त्यामुळे वाद्य सदैव डोक्याच्या बाजूने कलते आणि वादकाचा डावा हात ते सावरण्यातच अडकतो. मग या खुंट्या तेथे हव्यातच कशाला? त्याने त्या दांडीच्या टोकावरून काढून धडाच्या बुडाशी, घोडीपाशी आणल्या. डोक्याचे कामच उरले नाही, तेव्हा डोकेही गेले. दांडी आणि धड त्याने लाकडाऐवजी कार्बन फायबर आणि राळेचे ओतले. १९८० मध्ये त्याने कंपनी काढली आणि 'एल-टू' हा बेस बाजारात आणला. 'टाइम' साप्ताहिकाने १९८१ च्या उत्कृष्ट रचनांत त्याची गणना केली. पुढे त्याच धर्तीची सहा तारांची गिटारही आली.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. १९५० मध्ये सपाट फळीचे धड आणि स्क्रूने बसविलेली दांडी अशी साधी इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात मोठ्या संख्येने बनविण्यास ज्याने आरंभ केला, तो लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा होता आणि त्यालाही गिटार वाजविता येत नव्हती. परंपरेत वाढलेल्या माणसाला जे पवित्र वाटते, ते बाहेरून आलेल्याला केवळ सवयीचे वाटू शकते. काय आवश्यक आणि काय नुसतेच चालत आलेले, हे निवडावयास कधीकधी परका डोळाच लागतो.

परंतु काटछाट करताना स्टाइनबर्गरने काय राखले, हे अधिक महत्त्वाचे आहे. तारेचा स्वर तिच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन यांवर ठरतो. ही लांबी त्याने कमी केली नाही. गिटारमध्ये ती बहुधा साडेपंचवीस इंच असते. बिनडोक गिटारमध्येही तेवढीच असते. म्हणजे बोटांना मिळणारे अंतर तेच, पडदे तेच, तारांचा ताण तोच. नेहमीच्या गिटारची एकूण लांबी सुमारे एकोणचाळीस इंच भरते. लहान धडाची बिनडोक गिटार तीस इंचांच्या आसपास मावते. लहान मुलांसाठी किंवा प्रवासासाठी तारच आखूड करून बनविलेल्या गिटारी असतात, त्यांत वादकाला काहीतरी सोडावे लागते. येथे मात्र वगळले गेले ते वाजविण्याच्या कामाचे नव्हतेच. काटकसर आणि कंजुषी यांत जो भेद आपण घरात करतो, तोच हा आहे.

तथापि रचना साधी झाली म्हणून वाद्य लगेच स्वस्त झाले, असे नाही. स्टाइनबर्गरची मूळ वाद्ये महागच होती आणि ती प्रामुख्याने नामवंत व्यावसायिकांच्या हाती दिसत. किंमत खाली आली ती पुढच्या टप्प्यांत. माउथ ऑर्गनमुळे आपल्याकडे परिचित असलेल्या होनर या जर्मन कंपनीने स्टाइनबर्गरकडून परवाना घेतला आणि बिनडोक गिटारी दक्षिण कोरियात बनवून घेतल्या. कोरियातील कॉर्ट या कंपनीनेही स्वतःच्या नावाने तशी वाद्ये काढली. १९८७ मध्ये स्टाइनबर्गरची कंपनी गिब्सनने विकत घेतली आणि कालांतराने 'स्पिरिट' नावाची लाकडी, कमी किमतीची मालिका आशियात बनवून आणली. या सर्वांत कार्बन फायबर गेले व लाकूड परत आले. रचनेची कल्पना मात्र कायम राहिली. महाग होते ते द्रव्य, कल्पना नव्हे, हे यावरून सिद्ध झाले.

दुसरा टप्पा काळाने उलगडला. पेटंट म्हणजे संशोधकाला समाजाने ठराविक मुदतीपुरती दिलेली मक्तेदारी. त्या मुदतीत त्याने आपल्या बुद्धीचे मोल वसूल करावे आणि नंतर ती कल्पना सर्वांची व्हावी, असा हा करार असतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मिळालेली पेटंटे या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत संपून गेली. त्यानंतर स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गसारख्या रचनाकारांनी या कल्पनेला नवे वळण दिले, जपानी कंपन्यांनी तिचा स्वीकार केला, आणि चीन व इंडोनेशियातील कारखान्यांत संगणकनियंत्रित यंत्रांवर अशा दांड्या व धडे कातली जाऊ लागली. मुदत संपलेल्या औषधाची किंमत खाली येते, त्यातलाच हा प्रकार. येथेही कोणाचे न्याय्य देणे बुडाले नाही. ज्याचा हक्क होता त्याला तो मिळाला आणि मग दार सर्वांना उघडले.

तिसऱ्या कारणापाशी मात्र थांबावयास हवे. ते कारण म्हणजे मजुरी. कोरियातील कारखान्यांत अनेक नामांकित कंपन्यांच्या गिटारी तयार होत. कोरियातील वेतन वाढू लागले, तेव्हा उत्पादन चीन आणि इंडोनेशियाकडे सरकले. कॉर्टने २००७ मध्ये कोरियातील कामगारांना मोठ्या प्रमाणात कमी केले आणि तेथील कारखाने बंद केले. कामगारांनी जो लढा सुरू केला तो २०१९ मधील तडजोडीपर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ चालला. धूळ आणि रासायनिक वाफा यांत, खिडक्या नसलेल्या इमारतीत आपण काम केले, ही त्यांची तक्रार होती. २०१० मध्ये त्यांचे प्रतिनिधी अमेरिकेतील अनाहाइम येथे भरणाऱ्या वाद्यांच्या व्यापारमेळाव्यापर्यंत जाऊन आले. या लढ्यातील एक गोष्ट विसरता येत नाही. काढून टाकलेल्या काही कामगारांनी आपला एक वाद्यवृंद उभारला. वर्षानुवर्षे ज्यांनी इतरांसाठी गिटारी घडविल्या, ते त्या वाजवू लागले ते नोकरी गेल्यानंतर.

तेव्हा स्वस्ताईला तीन झरे असतात. अनावश्यक ते वगळणे हा पहिला, ज्ञानाची मक्तेदारी संपणे हा दुसरा आणि दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कमी देणे हा तिसरा. पहिल्या दोहोंत समाज समृद्ध होतो. तिसऱ्यात ग्राहकाच्या खिशात राहिलेला रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून आलेला असतो. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर हे तिन्ही एकाच आकड्यात मिसळून जातात, आणि म्हणून ते वेगळे काढून पाहणे हे ग्राहकाचेच काम ठरते.

आपल्या देशापुरते पाहिले तर आणखी एक पदर आहे. परवाना-राज्याच्या काळात परदेशी गिटार ही सरकारी दृष्टीने चैन होती. आयातशुल्काचा कमाल दर १९९१ च्या अर्थसंकल्पात खाली आणला, तोच मुळी दीडशे टक्क्यांवर. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध पूर्णपणे उठावयास १ एप्रिल २००१ उजाडले. तोवर ज्याचा कोणी नातलग आखातात वा विलायतेत होता, त्याच्या सामानातून एखादे वाद्य येई. बाकीच्यांनी कलकत्त्याच्या कारागिरांनी बनविलेल्या गिटारीवर भागवावे. त्या कारागिरांचे उपकार मोठे आहेत, कारण आपल्या मुलांची कित्येक बोटे प्रथम त्यांच्याच तारांवर सोलवटली. परंतु ज्या हौसेला नियोजनाने चैन म्हटले, ती कारकुनाच्या मुलालाही असते, हे मान्य व्हावयास आपल्याकडे फार वेळ लागला.

अशी एक गिटार काही वर्षांपासून माझ्या वापरात आहे, त्यामुळे तिच्या गुणदोषांविषयी दोन शब्द लिहिता येतील. वाद्याची खरी किंमत दुकानात भरलेल्या पैशापाशी संपत नाही. ते ठेवावयास जागा लागते, न्यावयास वाहन लागते आणि वाजवावयास शेजाऱ्यांची सहनशीलता लागते. दोन खोल्यांच्या घरात या तीनही गोष्टी पैशाहून दुर्मिळ असतात. बिनडोक गिटार कपाटाच्या कप्प्यात आडवी राहते; गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवर असली तरी मागच्या माणसाच्या डोळ्यात जात नाही. धड भरीव असल्याने तिचा मूळ आवाज जेमतेम शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो. लहानशा यंत्राला जोडून हेडफोन कानाला लावला, की रात्री अकरा वाजता, मुले निजलेली असताना आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर, माणूस मनसोक्त वाजवू शकतो. सुराच्या बाबतीतही ती भरवशाची आहे. खुंटीभोवती तारेचे वेढे बसत नाहीत, त्यामुळे ते सैल होऊन सूर उतरण्याचे एक कारणच नाहीसे होते. बारीक आट्यांचा स्क्रू तार सरळ ओढतो आणि बोटाच्या किंचित फिरकीने सूर जागेवर येतो.

दोषही सांगितले पाहिजेत. आखूड धड मांडीवर नीट टेकत नाही. त्यासाठी काही वाद्यांना बाहेर उघडणारा एक लहान आधार दिलेला असतो, अन्यथा बसूनही गळ्यात पट्टा घालावा लागतो. डावा हात पहिल्या पडद्याशी आला, की पुढे काहीच नसल्याने नवशिक्याला कठड्याविना जिना चढल्यासारखे होते. स्वस्त वाद्यांतील धातूचे भाग कित्येकदा कच्चे असतात आणि सुराचे स्क्रू जड फिरतात. सर्वांत मोठी अडचण तारांची. स्टाइनबर्गरच्या मूळ पद्धतीत तारेच्या दोन्ही टोकांना धातूचे मणी लागतात. अशा तारा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मागवाव्या लागतात, महाग पडतात आणि एक तुटली की वाद्य आठवडाभर मुके होते. अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात त्यांचा हा धडाच आहे: मूळ वस्तू स्वस्त असली तरी तिला लागणारी दुसरी वस्तू दुर्मिळ असेल, तर बचत तेथेच वाहून जाते. अलीकडच्या बहुतेक रचनांत साधी तार वरच्या टोकाशी स्क्रूने दाबून धरण्याची सोय असते. घेणाऱ्याने रंगाआधी ही सोय पाहावी.

एवढे गुण असून नव्वदच्या दशकात हे वाद्य बाजारातून जवळजवळ मागे का पडले? याचे उत्तर थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्येच देऊन ठेवले आहे. वस्तू वापरण्यासाठी असतात तशा दाखविण्यासाठीही असतात. गिटारच्या डोक्यावर कंपनीचे नाव असते आणि त्याच्या आकारावरून वाद्य कोणत्या घराण्याचे हे दुरूनही ओळखू येते. डोके गेले म्हणजे ती पाटीच गेली. मंचावर उभ्या राहणाऱ्याला तिची गरज वाटली आणि फॅशन पुन्हा जुन्या आकारांकडे वळली. घरात, हेडफोन लावून वाजविणाऱ्याला मात्र पाटीचा काहीच उपयोग नाही. ज्याला दाखवावयाचे नाही, त्याला निम्म्या गोष्टी स्वस्तात मिळतात.

मग ग्राहकाने काय करावे? कमी मजुरीच्या मालावर बहिष्कार घालावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या कारखान्यातील कामगाराची नोकरी त्याने सुधारेलच असे नाही. त्याहून साधे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वाद्य जपून, दुरुस्त करून दीर्घकाळ वापरावे आणि शक्य तेथे जुने घ्यावे; कोणाच्या तरी श्रमाचा मान राखण्याची ती आपल्या हातातली रीत आहे. दुसरा मार्ग सार्वजनिक आहे. आमच्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांत कॅरमचे बोर्ड असतात, टेबल टेनिसचे टेबल असते; वाद्य मात्र स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात भाड्याने येते. जागा नाही आणि तासांना व्यत्यय येतो, ही त्याची नेहमीची दोन कारणे. तीस इंचांत मावणाऱ्या आणि भिंतीपलीकडे ऐकू न जाणाऱ्या वाद्यापुढे ही दोन्ही कारणे टिकत नाहीत. दोन-चार अशा गिटारी, त्यांसोबत हेडफोन आणि तारांचा सुटा संच, एवढे एका कुलपाच्या कपाटात राहू शकते. ग्रंथालयातून पुस्तक द्यावे तसे ते ओळखपत्रावर तासाभरासाठी देता येईल. ज्या विद्यार्थ्याच्या घरी वाद्य घ्यावयास पैसा नाही आणि ठेवावयास कोपराही नाही, त्याच्या हाती ते प्रथम पडले, तरच या स्वस्ताईचा लाभ खऱ्या अर्थाने खालपर्यंत झिरपला असे म्हणता येईल.